माती सोडून बोला

कोल्हापुरातल्या तालमीत मातीचे जेवढे लाड होतात तेवढे घरच्या जावयाचेही होत नसतील. आखाड्याची तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक ओतायचं, लिंबं पिळायची, हळद घालायची, तेल सोडायचं, कापूर कुस्करायचा आणि मग पैलवानांनी ती रोज खोऱ्यानं खणून वरखाली करायची. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झालं. या गावात माणसाची पत अजूनही पाठीला माती लागली की नाही यावर ठरते.

आखाड्याबाहेरही माती वर्षभर घरात येतच असते. बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग, भाद्रपदात गणपती, नवरात्रात घटाखाली पसरायला काळी माती. ही शेवटची हल्ली बाजारात पिशवीत भरून विकायला असते आणि ज्याच्या आज्याची पाच एकर काळी होती तो नातू ती घासाघीस करून घेतो. अशा गावात, ताराबाई पार्कातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, एक गृहस्थ दोन्ही हात पाठीमागे बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "झाडाला मातीची गरजच नसते हो. तो आपला गैरसमज आहे."

हे गृहस्थ एकटे नाहीत. रुईकर कॉलनीत एक आहेत, राजारामपुरीत दोन-तीन असावेत, आणि फुलेवाडीकडच्या नव्या इमारतींत तर भरतीच चालू आहे. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी पाटबंधारे खात्यातून, कुणी मुलगा पुण्याला नोकरीला लागल्याबरोबर त्याच्या खोलीचा ताबा घेतलेला. सोयीसाठी सगळ्यांना मिळून 'काका' म्हणू. काका मोबाइलवर एक व्हिडिओ बघतात, मग दुसरा बघतात, आणि तिसरा संपायच्या आत बाल्कनीतल्या कुंड्या वॉचमनला देऊन टाकतात. आठवडाभरात पांढरे पाइप येतात, त्यांना ओळीनं भोकं पडतात, भोकांत जाळीचे पेले बसतात, खाली एक बादली, बादलीत माशांच्या टाकीतला पंप. आणि मग काका खुर्ची टाकून पाणी फिरताना बघत बसतात. कोल्हापुरात पाइपमधून येणाऱ्या पाण्याकडे असं डोळे लावून बसणं कुणाला नवं नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन व्हावी यासाठी शहरानं वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि ते पाणी २०२३ च्या दिवाळीत एकदाचं आलं. त्या मानानं काकांचं पाणी फारच लवकर आलं.

मातीशी फारकत घ्यायची ही कोल्हापूरची पहिली वेळही नव्हे. राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटवरच्या कुस्तीचा सराव नसताना सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. काका हा दाखला हमखास देतात. खाशाबांनी मेहनत मातीतच केली होती, एवढं सांगायचं राहून जातं.

काकांचं खरं कारण मात्र वेगळं असतं आणि ते सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदलेलं सापडतं. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढं जातं. गच्चीवर वाफे केले की तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या छताला नकाशे उमटतात, आणि कोल्हापूरचा पावसाळा काही नकाशावर थांबणारा नाही. मग सभा, मग आवाज, मग "तुमच्या वांग्यापायी आमचा पंखा गेला" असा ठराव. माती बंद. काकांनी विज्ञानासाठी माती सोडली असं सांगितलं तरी मातीनंच काकांपासून सुटका करून घेतली हे जास्त खरं.

तसं पाहिलं तर बिनमातीचं पीक या शहराला शिकवायला कुणी यायची गरज नव्हती. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची, संध्याकाळपर्यंत मोड. मिसळीच्या नावाखाली कोल्हापूर रोज किती बिनमातीची रोपं कटात बुडवून खातं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण इथं एक बारकावा आहे, आणि निम्म्या काकांची पहिली फजिती इथंच होते. मोड येतो तो बियाणाच्या स्वतःच्या शिदोरीवर. दाण्यात साठवलेलं पीठ आणि प्रथिनं आहेत तोवर त्याला पाण्याखेरीज काही लागत नाही. दोन पानं फुटली की शिदोरी संपते आणि रोप हात पसरतं. साध्या नळाच्या पाण्यात ठेवलेला पालक दहा-बारा दिवस झकास दिसतो, काका त्याचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात, अंगठ्यांचा पाऊस पडतो, आणि पंधराव्या दिवशी पालक पिवळा पडून मान टाकतो. त्या दिवशी ग्रुपवर फक्त सुप्रभात येतं.

झाड नक्की काय खातं हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. फ्लँडर्सच्या व्हॅन हेल्माँट नावाच्या गृहस्थांनी सतराव्या शतकात एका पिंपात २०० पौंड वाळवलेली माती तोलून भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांवर, आणि माती घटली जेमतेम २ औंस. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड म्हणजे निव्वळ पाणी. १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ते छापून आलं. निष्कर्ष अर्धा चुकला होता. झाडाच्या वाळलेल्या वजनातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा असतो आणि त्यातला कार्बन हवेतून येतो, हे कळायला अजून दीडशे वर्षं जायची होती. पण ते दोन औंस त्यांनी तोलायची चूक समजून सोडून दिले, आणि पुढचं सगळं शास्त्र, सगळा व्यापार आणि काकांचं महिन्याचं बिल त्या दोन औंसांतूनच निघालेलं आहे.

१६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवून पाहिला. सगळ्यांत स्वच्छ पाण्यातला पुदिना सगळ्यांत किडमिडा आणि बागेची माती कालवलेल्या पाण्यातला सगळ्यांत तरारलेला निघाला. हा निकाल लक्षात ठेवावा. पंचगंगेच्या काठावर गेल्यावर तो लागणार आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी ते दोन औंस म्हणजे कोणकोणते क्षार हे हुडकून काढलं आणि नुसत्या क्षारांच्या पाण्यावर झाडं वाढवून दाखवली.

पण या सगळ्या वंशावळीत काकांचे सख्खे पूर्वज म्हणजे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम गेरिक. १९२९ च्या सुमारास त्यांनी टाक्यांतल्या पाण्यात टोमॅटोचे वेल पंचवीस फुटांपर्यंत चढवले आणि शिडीवर उभं राहून फोटो काढून घेतले. वर्तमानपत्रं भाळली. विद्यापीठ मात्र भाळलं नाही. प्रयोगाला काचघर मिळेना, म्हणून गेरिक घरी आणि फावल्या वेळात काम करत राहिले. पुढं गवगवा वाढल्यावर विद्यापीठानं कृती मागितली, तर हे देईनात. शेवटी गेरिक बाहेर पडले, आणि विद्यापीठानं डेनिस होगलंड आणि डॅनियल अरनॉन यांना यात कितपत तथ्य आहे ते तपासायला बसवलं. १९३८ च्या त्यांच्या पुस्तिकेचं म्हणणं असं की चांगल्या मातीपेक्षा पाण्यात काही फार जास्त पिकत नाही. गंमत अशी की आज जगभरच्या प्रयोगशाळांत होगलंडचंच द्रावण वापरतात; ज्यांनी नाक मुरडलं त्यांचं नाव बाटलीवर, आणि जे शिडी चढले ते बाजूला. हायड्रोपोनिक्स हे नाव तेवढं गेरिक यांच्या खात्यावर राहिलं, तेही १९३७ मध्ये सेट्चेल नावाच्या एका सहकाऱ्यानं सुचवलेलं. सोसायटीच्या राजकारणाला कंटाळलेल्या काकांनी ही कथा वाचली तर त्यांना बर्कलीत आपलं घर असल्यासारखं वाटेल.

भारतात ही विद्या आली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ च्या सुमारास तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कालिंपोंगला पंप, मीटर, काचघर सगळं वगळून वाळू-खडीच्या वाफ्यांत कोरडे क्षार टाकून पिकं घेतली आणि १९५१ मध्ये या 'बंगाल पद्धती'वर पुस्तक लिहिलं. गरिबाच्या अंगणात जमेल असं काहीतरी करायचं हा त्यांचा खटाटोप होता. पंचाहत्तर वर्षांनी तीच विद्या निळ्या-जांभळ्या दिव्यांसह काही हजार रुपयांच्या खोक्यातून घरपोच येते.

खोक्यासोबत आलेल्या बाटल्या संपल्या की काका कृषी सेवा केंद्रात जातात. कोल्हापूर-सांगलीकडच्या दुकानात हा प्रवेश बघण्यासारखा असतो, कारण काकांना वाटतं आपण काहीतरी अंतराळातलं मागतोय, आणि काउंटरवरच्या पोराला ती सगळी नावं बाराखडीसारखी पाठ असतात. ठिबकवर द्राक्षं आणि ढबू मिरची करणारे शेतकरी हीच विरघळणारी खतं वर्षानुवर्षं नेतायत.

"तेरा शून्य पंचेचाळीस आहे का?"

"हाय की. बारा एकसष्ट, शून्य बावन्न चौतीस, सगळं हाय. द्राक्षं का ढबू?"

"लेट्यूस."

पोरगं जरा थांबतं. "किती एकर?"

"बारा फूट पाइप आहे."

"काका," पोरगं आवाज खाली आणून म्हणतं, "हितं पंचवीस किलोचं पोतं येतंय. तुमास्नी चमच्यानं पायजे."

चमच्याचाही नियम असतो. घट्ट द्रावणं दोन बाटल्यांत वेगळी ठेवायची, कॅल्शियम एकीत आणि सल्फेट-फॉस्फेट दुसरीत. वेळ वाचवावा म्हणून काकांनी दोन्ही एकत्र ओतली की पांढरा चिखल तळाला बसतो. तो जिप्सम. तोच भाजला की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. म्हणजे शेती बुडाली तरी बापट कॅम्पातल्या गणपतीच्या कारखान्यापर्यंत निम्मा रस्ता काका चालून गेलेले असतात.

आणि रोप ज्या भोकात बसतं तिथं त्याला आधार म्हणून काय घालायचं? तपकिरी, हलक्या, गोल गोट्या. व्हिडिओत त्यांना क्ले बॉल्स म्हणतात. भट्टीत हजार अंशांच्या वर भाजून फुगवलेली माती ती. मातीमुक्त शेतीच्या प्रत्येक भोकात मूठभर माती, तीही शेतातल्या मातीच्या कितीतरी पट महाग. कुंभार गल्लीत हे कुणाला सांगितलं तर चाकावरचा हात थांबेल. पण काकांना हसताना जरा जपून, कारण २०१५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांनी स्वतः पिकवलेलं लाल लेट्यूस खाल्लं, आणि त्याची मुळंही भाजलेल्या मातीच्या कणांनी भरलेल्या उशांतच वाढली होती. पृथ्वी सोडली तरी माती सुटली नाही.

मातीची खरी किंमत मात्र कळते ती ती गेल्यावर. जमीन झाडाला चारते हे सगळ्यांना दिसतं. ती किती ठिकाणी विनावेतन कारकुनी करत होती हे दिसत नाही. झाडानं नायट्रेट ओढलं की भोवतालचं पाणी अल्कधर्मी व्हायला लागतं. जमीन ते गुपचूप सावरते, बादली सावरत नाही. म्हणून काका सकाळी दात घासायच्या आधी पेनासारखा मीटर पाण्यात बुडवतात. सामू, म्हणजे पीएच, साडेपाच ते साडेसहा पाहिजे, दिसतो सात पॉइंट चार. मग सायट्रिक आम्ल, म्हणजे व्यवहारात लिंबू. सामू उतरतो, काका चहा घेतात. बादलीतले जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात आणि एक-दोन दिवसांत आकडा परत वर. घरातली लिंबं संपतात. आमटीला लिंबू कुठाय म्हणून आतून आवाज आला की काका ऐकू न आल्यासारखं करतात.

मग क्षारांची तीव्रता. तिला ईसी म्हणायचं, लेट्यूसला एक पॉइंट दोन ते एक पॉइंट आठच्या मध्ये ठेवायची. उन्हाळ्यात झाड पाणी जास्त पितं आणि क्षार मागं ठेवतं, आकडा चढतो. पाणी घातलं की उतरतो. ज्या माणसानं आयुष्यात स्वतःची साखर कधी वेळेवर तपासली नाही तो लेट्यूसची दिवसातून दोनदा तपासतो आणि वहीत लिहितो.

पाण्यात उभं राहून झाड कुजत कसं नाही, हा प्रश्न शिरोळ तालुक्यातला कुठलाही ऊसकरी विचारेल, आणि त्याला विचारायचा हक्क आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली आणि दिवसच्या दिवस पाण्याखाली राहिलेला ऊस सडला. मुळांना श्वास लागतो. तुंबलेल्या पाण्यात प्राणवायू संपला की मूळ मरतं. पाइपच्या तळातून काही मिलिमीटर जाडीचीच पाण्याची चादर वाहती ठेवायची ही युक्ती इंग्लंडच्या ॲलन कूपर यांनी १९६० च्या दशकात काढली ती त्यासाठीच. मुळं खालून पितात आणि वरून श्वास घेतात. फार सुंदर कल्पना. फक्त वीज पाहिजे.

आणि कोल्हापुरात एप्रिल-मे मध्ये वळीव येतो. चार वाजता पश्चिमेला आभाळ काळवंडतं, धुळीचं वारं सुटतं, कुठंतरी फांदी तारेवर पडते आणि पेठाच्या पेठा अंधारात जातात. लोक खिडक्या लावायला पळतात. काका तांब्या घेऊन पाइपकडे पळतात. पंप बंद पडल्यावर उन्हाळ्यात ही रोपं फार तर दोन-तीन तास धीर धरतात. काका तांब्यानं एका टोकाला पाणी ओततात, खाली जमलेलं पुन्हा तांब्यात घेतात, पुन्हा ओततात. महावितरणला फोन लागत नाही. पाणी घालायची कटकट नको म्हणून माती सोडलेला माणूस मोटेच्या काळात पोचलेला असतो, आणि मोटेला निदान बैल होते.

यावर उपाय म्हणून पंपच नसलेली पद्धत निघाली आहे. हवाई विद्यापीठातले क्रॅटकी यांनी ती रूढ केली. डबा पाण्यानं भरून ठेवायचा, पातळी उतरेल तशी वरच्या रिकाम्या जागेत मुळं हवा घेतात, झालं. काका ताबडतोब सहा डबे मांडतात. पंधरा दिवसांत महापालिकेच्या आरोग्य विभागाची बाई डेंगीच्या सर्वेक्षणाला येते, टॉर्च मारते, झाकण उचलते.

"काका, हे काय साठवलायसा?"

"ती शेती आहे."

"आळ्या झाल्यात शेतीत. कोरडा दिवस पाळा." आणि जाता जाता, "न्हाईतर गप्पी मासे सोडा."

काका मासे सोडतात. मासे आळ्या खातात, मुळं कुरतडतात, पाण्यात अमोनिया वाढवतात, आणि काकांना कळतं की याच्यापुढं मासे आणि भाजी एकत्र वाढवायचं वेगळं शास्त्र आहे, आणि त्याचेही व्हिडिओ आहेत.

इतकं सगळं करून येतं काय? पाण्यातली शेती ज्या पिकांवर प्रसन्न आहे त्यांची यादी वाचली तर ती कोल्हापूरच्या विरोधात कट म्हणून तयार केल्यासारखी वाटते. लेट्यूस, केल, बॉक चॉय, बेसिल. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि सोबत केल, अशी थाळी मांडायचं धाडस अजून या शहरात कुणी केलेलं नाही. या थाळीला लागतो कांदा, लिंबू, मुळा. तो मुळा पाइपच्या भोकात मावत नाही आणि लिंबाला बादली पुरत नाही. उसाचं तर नाव काढू नये, तरी प्रत्येक पाहुणा ते काढतोच. "ऊस येतो काय हो ह्यात?" हा प्रश्न विचारल्याशिवाय या जिल्ह्यातला माणूस जिना उतरत नाही.

लेट्यूस भरघोस येतं मात्र. आठ गड्डे एकदम तयार होतात, आणि एकदम तयार झालेलं एकदम संपवावं लागतं. काकू पहिल्या दिवशी कोशिंबीर करतात. दुसऱ्या दिवशी भजी. तिसऱ्या दिवशी ते बारीक चिरून, लसणाची फोडणी देऊन, वर डाळीचं पीठ पेरून झुणका होतो, आणि तो बरा लागतो असं सगळ्यांना आश्चर्यानं कबूल करावं लागतं. तुळसही पाण्यात उत्तम वाढते, पण सासूबाईंनी एकच सवाल टाकला की प्रकरण मिटतं: "मग लग्न काय पायपासंगं लावायचं?"

चेष्टा बाजूला ठेवली तर या पद्धतीच्या बाजूनं बोलणारे आकडे चांगले भक्कम आहेत. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात लेट्यूसचा २०१५ मध्ये तुलनात्मक अभ्यास झाला. शेतात किलोमागं सुमारे २५० लिटर पाणी लागतं तिथं हायड्रोपोनिक्सला २०, आणि तेवढ्याच जागेत उत्पन्न जवळजवळ अकरा पट. वाळवंटात याहून मोठं वरदान नाही. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा काकांच्या व्हिडिओत येत नाही: ऊर्जा ८२ पट. घरातला १८ वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला १३ युनिटं होतात, ती अंगावर येत नाहीत. पण पावसाळ्यात जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही म्हणून दिवे लावले की मीटर धावायला लागतो. शिवाय त्या जांभळ्या उजेडामुळं रात्री समोरच्या इमारतीत चर्चा सुरू होते ती वेगळीच. आणि पाण्याची बचत म्हणाल, तर ऑगस्टमध्ये ज्या शहरात पंचगंगा स्वतः उठून जामदार क्लबपाशी येते तिथं दिवसाला दोन लिटर वाचवल्याचं कौतुक कुणाला सांगायचं?

गुरांसाठीही ही विद्या वापरून झाली आहे. ट्रेमध्ये मका भिजवून सात-आठ दिवसांत हिरवा गालिचा उगवायचा, हा दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रात बराच गाजलेला प्रयोग. गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्रानं आणि गोवा डेअरीनं तो पद्धतशीर करून पाहिला. एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो चारा होतो. ऐकायला झकास. पण त्या चाऱ्यात कोरडं द्रव्य असतं शेकडा बारा-चौदा, बाकी पाणी. हिशेब मांडला तर दाण्यात जेवढं सत्त्व होतं त्यातलं थोडं उगवताना जळून गेलेलं असतं. गंगावेशीत संध्याकाळी म्हशीखालचं धारोष्ण दूध उभ्यानं पिणाऱ्या कोल्हापूरकराला हे एका वाक्यात कळतं: लोक दुधात पाणी घालतात, यांनी आधी वैरणीतच घातलं. चारा नसलेल्या उन्हाळ्यात मात्र हिरवं काहीतरी म्हशीच्या तोंडी लागतं, आणि ती मक्याच्या किमतीचा हिशेब करत नाही.

या सगळ्यात काकांना आपल्याच गावच्या एका माणसाची आठवण क्वचितच होते. श्री. अ. दाभोळकर. गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेले, नंतर कोल्हापुरात राहिलेले. त्यांचा 'प्रयोग परिवार' तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांपासून मुंबईच्या गच्चीपर्यंत पसरला. त्यांची 'विपुलाच सृष्टी' आणि इंग्रजीतलं 'प्लेंटी फॉर ऑल' ही पुस्तकं आजही शहरी शेतीवाल्यांच्या हातात दिसतात. व्हॅन हेल्माँटला न सुटलेला हिशेब दाभोळकर शेतकऱ्याला खडूनं फळ्यावर मांडून दाखवत: झाड म्हणजे मुख्यतः ऊन, हवा आणि पाणी, जमिनीचा वाटा चिमटीएवढा. इथपर्यंत ते आणि काका एका बाकावर. पुढं मात्र वाट फुटते. काकांनी त्या चिमटीसाठी बाटल्या आणल्या; दाभोळकरांनी सांगितलं, ती चिमूट घरच्या कचऱ्यातून तयार करा. रसवंतीची चिपाडं, पालापाचोळा, भाजीची देठं कुजवायची आणि गच्चीवर हलकी, सुपीक माती स्वतः बनवायची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास जी बाग सुरू केली ती याच विचाराच्या वाटेवरची, आणि तिथला कच्चा माल म्हणजे कामगारांच्या जेवणासाठी चिरलेल्या भाज्यांची सालं. या मातीचं वजन कमी, खर्च नाही, आणि वीज गेली तर ती रात्रभर कुणालाही न उठवता पाणी धरून बसते. या जिल्ह्यात चिपाडांचा तुटवडा पडेल ही भीतीही नाही. तरी काका पाइपच आणतात, कारण चिपाडं कुजवण्याचा व्हिडिओ बघायला कमी छान दिसतो.

राहिला पंचगंगेचा मुद्दा. वुडवर्डच्या पुदिन्याचा निकाल आठवत असेलच. कोल्हापुरातला सर्वांत मोठा, सर्वांत यशस्वी हायड्रोपोनिक्सचा मळा कुठल्याही गच्चीवर नाही. तो रंकाळ्यात आणि पंचगंगेच्या बंधाऱ्यांमागं पसरलेला असतो. त्याचं नाव केंदाळ. मूळचं दक्षिण अमेरिकेचं, मुळं पाण्यात लोंबकळती, मातीशी संबंध नाही, पंप नाही, मीटर नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरसचा पुरवठा शहराच्या नाल्यांतून चोवीस तास, विनामूल्य, आणि ईसी कुणी तपासत नाही म्हणून कदाचित उत्तम. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत ते दुप्पट होतं. महापालिका मोठी यंत्रं लावून काढते, ते पुन्हा येतं. काका सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात तेव्हा कठड्याशी थांबून त्या हिरव्यागार, तुकतुकीत, एकही पिवळं पान नसलेल्या पसाऱ्याकडं बघतात. त्या बघण्यात नागरिकाची चिंता थोडी आणि स्पर्धकाचा मत्सर जास्त असतो.

तरी काकांचाही एक दिवस येतो, आणि तो कोथिंबिरीचा असतो. हिवाळ्यात कपिलतीर्थ मार्केटात मावशी भाजीवर फुकट टाकते ती कोथिंबीर ऐन पावसात अशी चढते की लोक जुडीचे दांडे मोजून घेतात. अख्ख्या कोल्हापुरात तेव्हा एकच माणूस बाजारभाव वाचून खूश होतो. पाइपमधली कोथिंबीर चाळीसएक दिवसांची, स्वच्छ, चिखलाचा ठिपका नसलेली. बातमी जिन्यानं पसरते. वाट्या येतात. "दोन काड्या द्या की काका, कांदेपोहे टाकलेत." पहिल्या मजल्यावरून येतात, तिसऱ्यावरून येतात, वांग्यापायी ज्यांचा पंखा गेला होता तेही येतात, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत बारा फूट पाइप टक्कल पडून बसतो. काकूंना मसाल्याला कोथिंबीर बाजारातून आणावी लागते.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काकांच्या अक्षरातला कागद लागतो: 'पुढील काढणी गणपतीनंतर. कृपया सहकार्य करावे.' खाली कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलेलं आहे, 'पुदिनापण लावा.' आणि त्याच्याही खाली, वेगळ्या हातानं, 'ऊस?'